आमच्या ‘मॉरिस’चं खरं नाव

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला मोबाइल वाजला की दोनच शक्यता असतात. एक तर बॉस, नाहीतर पुणतांब्याचे काका. बॉसचा फोन असेल तर वीकेंड जातो. काकांचा असेल तर वीकेंड जातो आणि वर पेट्रोलही जातं.

त्या शुक्रवारी काका होते.

“काय गं, आपल्या मॉरिसचं ठरलं बरं का! मुंबईची पार्टी आहे. परवा रविवारी बघायला येणार. तू उद्याच ये. तुला त्यातलं कळतं ना? तू फक्त शेजारी उभी राहा आणि इंग्रजीतून दोन शब्द टाक.”

मी “हो हो, येते” म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पोटात गोळाच आला. कारण आमच्या घरात जिला तीन पिढ्या ‘मॉरिस’ म्हणतात, ती गाडी मॉरिस नसावी असा संशय मला दोन वर्षांपासून होता. आणि तो मी कुणालाच सांगितला नव्हता.

व्हर्जन काय आहे?

आधी थोडं माझ्याविषयी. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आमच्याकडे कुठलीही तक्रार आली की पहिला प्रश्न एकच: व्हर्जन काय आहे? व्हर्जन माहीत नसेल तर पुढचं सगळं डोकं फोडणं व्यर्थ.

जुन्या गाड्यांचा नाद मला लागला तो नाना पेठेत. स्कूटरचा पार्ट शोधायला गेले होते आणि एका बोळात एक छोटीशी, गुबगुबीत, बेडकासारखी गाडी उभी होती. मॉरिस मायनर. शेजारी एक म्हातारे मिस्त्री बिडी ओढत बसले होते. मी आपलं सहज विचारलं, “कितीची आहे?” म्हणजे किती सालची. मिस्त्री हसले. “ताई, साल कागदावर असतं. गाडीला विचारा, ती सांगेल.”

मग त्यांनी अर्धा तास मला गाडीला ‘विचारायला’ शिकवलं. पुढची काच मधोमध पट्टी असलेली, दोन तुकड्यांची आहे? मग १९५६ च्या आधीची. एकसंध, वाकवलेली आहे? मग ‘मायनर १०००’. हेडलाइट खाली जाळीशेजारी असतील तर अगदी सुरुवातीची. वर मडगार्डमध्ये असतील तर नंतरची. आणि हे बॉनेटच्या मधून गेलेलं चपटं, रुंद पट्ट्यासारखं काय आहे? त्याची तर गोष्टच मस्त आहे. १९४८ साली ही गाडी बाजारात आली. त्याच्या थोडं आधी तिचा डिझायनर अ‍ॅलेक इसिगोनिस याला ती अरुंद वाटायला लागली. त्यानं नमुन्याची गाडी मधोमध उभी कापली, दोन्ही अर्धे हळूहळू लांब करत नेले आणि डोळ्यांना बरं दिसलं तिथं थांबला. गाडी चार इंच रुंद झाली! पण बंपर आधीच तयार होऊन पडले होते. मग तेही कापले आणि मधल्या फटीवर पट्टी मारली. थोडक्यात काय, रिलीजच्या आदल्या दिवशी कोड बदलणारी माणसं तेव्हाही होती.

निघताना मिस्त्री म्हणाले ते मी मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय. “गाडीचं तोंड बघून नाव सांगायचं नाही ताई. तोंड सगळेच बदलतात. जिथं कुणी बघत नाही, तिथं गाडी खरं बोलते.”

त्या दिवसापासून मी बिघडले. ट्रॅफिकमध्ये, लग्नाच्या हॉलबाहेर, जुन्या सिनेमात हीरो-हिरॉइन सोडून मागची गाडी बघायची. मित्रमैत्रिणी वैतागतात. पण मला सांगा, पुढची गाडी कुठल्या ट्रिमची आहे, सनरूफ आहे की नाही, हे तुम्ही सिग्नलला बघता की नाही? मग? मी फक्त सत्तर वर्षं मागचं बघते.

एक गाडी, सतरा बारशी

ब्रिटिश गाड्यांची नावं हा एक वेगळाच गोंधळ आहे. मॉरिस ऑक्सफर्डचंच घ्या. नाव १९१३ पासूनचं. युद्धानंतर १९४८ मध्ये आलेली ऑक्सफर्ड होती ‘एमओ’. तिच्यानंतर १९५४ मध्ये आली ती थेट ‘सिरीज टू’. ‘सिरीज वन’ नावाची गाडीच नाही! (विंडोज आठनंतर एकदम दहा आलं तेव्हा आपण किती जोक मारले होते!) १९५६ मध्ये ‘सिरीज थ्री’. ‘सिरीज फोर’ म्हणजे फक्त मागे सामानाची जागा असलेली लांब गाडी. ‘सिरीज फाइव्ह’ तर दिसायलाच पूर्ण वेगळी.

त्यातच १९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन हे दोन कट्टर प्रतिस्पर्धी एका कंपनीत आले. मग १९५८-५९ मध्ये एकच गाडी जाळी आणि बिल्ला बदलून पाच नावांनी विकायला काढली: ऑस्टिन, मॉरिस, एमजी, रायली आणि वूल्झली. एकाच पिठाच्या पाच भाकऱ्या आणि प्रत्येकीला वेगळं ताट.

आपण तरी कुठं कमी? हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये गुजरातेत ओखा बंदराजवळ सुरू झाली आणि १९४८ मध्ये कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला गेली. मॉरिसच्या गाड्या तिनं इथं आणून त्यांची बारशी केली. मॉरिस टेनची झाली ‘हिंदुस्तान टेन’. मायनरची ‘बेबी हिंदुस्तान’. ऑक्सफर्ड एमओची ‘हिंदुस्तान फोर्टीन’. ऑक्सफर्ड सिरीज टूची ‘लँडमास्टर’. आणि सिरीज थ्रीची... अर्थातच ‘अ‍ॅम्बेसिडर’! ती १९५७-५८ च्या सुमारास आली आणि २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचा कारखाना थांबेपर्यंत निघत राहिली. सुरुवातीला ती नुसतीच अ‍ॅम्बेसिडर होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बारीक चौकटींच्या जाळीची ‘मार्क टू’ आली, तेव्हा आधीची आपोआप ‘मार्क वन’ झाली. दुसरं महायुद्ध होईपर्यंत पहिल्याला फारसं कुणी ‘पहिलं’ म्हणत नव्हतं, तसंच.

लोक मात्र कॅटलॉग वाचून नाव ठेवत नाहीत, चेहरा बघून ठेवतात. फियाट अकराशेच्या पहिल्या इटालियन चेहऱ्याला मुंबई-पुण्यानं काय नाव दिलं? डुक्कर फियाट! कंपनीनं लाख डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी म्हणो, डुक्कर ते डुक्करच.

तोंड एक, शेपूट दुसरं

शनिवारी दुपारी पुणतांब्याला पोचले. ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: दौंड-मनमाड रेल्वेवरचं हे स्टेशन. शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. गोदावरीचा काठ, जुन्या वेशी, घाट, देवळं. २०१७ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांचा संप इथून सुरू झाला तेव्हा आठवडाभर टीव्हीवर आमचंच गाव होतं. जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं. काका अजून बोलताना ‘नगर’ म्हणतात आणि अर्ज भरताना खोडून नवीन लिहितात.

गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वर कांद्याच्या रिकाम्या गोण्या, आत मांजराची पिल्लं. काकांनी सकाळीच धुऊन ठेवली होती. बॉनेटच्या टोकावर आमच्या घराण्याची शान: लाल बैल आणि त्याच्या पायाखाली पाण्याच्या लाटा. मॉरिसचा बिल्ला. ऑक्सफर्ड या शब्दाचा अर्थच मुळी बैल नदी ओलांडतात तो उतार. मॉरिस साहेब त्या गावचे, म्हणून त्यांच्या गाडीवर बैल.

“बघ,” काका म्हणाले, “बिल्ल्याचाच फोटो पाठवला होता. पार्टी फिदा! विलायतेहून आलेली ओरिजिनल मॉरिस म्हटल्यावर पाच लाखाला तयार आहे.”

पाच लाख. चुलत भावाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे. फीचे दोन हप्ते थकलेत, हे मला पप्पांनी आधीच सांगितलं होतं. म्हणजे हा नुसता शौकाचा विषय नव्हता.

मी म्हटलं, “काका, मी जरा एकटी बघते.”

तोंडाकडे बघायचं नाही, हे पाठ होतं. तरी बघितलं. बॉनेटवर उभ्या पन्हळी होत्या. ही खूण सिरीज थ्रीची, म्हणजे जुन्या अ‍ॅम्बेसिडरची. गावातले अर्धे लोक तिला ‘मास्तरांची अ‍ॅम्बेसिडर’ म्हणतात ते यामुळेच. पण मागे गेले तर मागच्या मडगार्डांना शेपटीच नाही! अ‍ॅम्बेसिडरची मागची मडगार्डं टोकाला जरा वर उचललेली, छोट्या पंखांसारखी असतात. आमचीचा मागचा भाग गोल, गुळगुळीत, खाली उतरत गेलेला. ही खूण सिरीज टूची. छत आणि दारं दोघींची जवळजवळ सारखीच, त्यामुळे तिथून काही कळत नाही. म्हणजे तोंड एका गाडीचं आणि शेपूट दुसरीचं. काकांना विचारलं तर म्हणाले, “हां, बॉनेट बदललंय ना! उसाच्या ट्रॉलीला घासली होती. मिस्त्रीनं श्रीरामपूरहून दुसरं आणून ठोकून बसवलं.”

ठीक. म्हणजे मूळची सिरीज टू. आता ती विलायतेची मॉरिस ऑक्सफर्ड की इथली लँडमास्टर, एवढाच प्रश्न उरला. बिल्ला म्हणतो मॉरिस. पण बिल्ला दोन स्क्रूंवर असतो. चार लोकांनी मिळून बदलावी लागेल अशी गोष्ट बघायला हवी.

बॉनेट उघडलं.

विलायतेच्या सिरीज टूमध्ये १४८९ सीसीचं नवीन इंजिन होतं. त्याचे वॉल्व्ह डोक्यावर असतात, त्यामुळे वर पत्र्याचं लांबट झाकण असतं, ज्याला आपले मिस्त्री टॅपेट कव्हर म्हणतात. लँडमास्टरमध्ये मात्र हिंदुस्तान मोटर्सनं आधीच्या गाडीचंच जुनं १४७६ सीसीचं इंजिन ठेवलं होतं. वॉल्व्ह बाजूला, डोकं सपाट, वर चार प्लग उभे. नवीन कपडे, आतला माणूस जुना. (सुरुवातीच्या अ‍ॅम्बेसिडरमध्येही तेच होतं. १९५९ मध्ये तिला डोक्यावर वॉल्व्हवालं मिळालं.)

मी फडक्यानं धूळ पुसली. सपाट डोकं. चार प्लग उभे. झाकण नाही.

लँडमास्टर.

इंजिनही बदललेलं असेल, असं मी मनाला सांगून बघितलं. पण काकांना आठवत होतं, इंजिन एकदाच उतरवलं होतं, तेही रिंगा बदलायला. नक्की करायला कंपनीची नंबरपट्टी शोधली. बॉनेटखालच्या पत्र्यावर तिच्या जागी रिबेटची दोन भोकं. आरसी बुक काढलं. त्यात १९५६ साल तेवढं शाबूत. बनावटीच्या रकान्यातला कागद वाळवीनं व्यवस्थित, शिस्तीत खाल्लेला.

सगळीकडे कोरं!

कोरं पत्र

संध्याकाळी डोकं शांत करायला नदीकडे गेले. चांगदेवांची समाधी आमच्याच गावात. लहानपणी दादा, म्हणजे माझे आजोबा, हात धरून तिथं न्यायचे आणि तीच गोष्ट सांगायचे. चांगदेव मोठे योगी, चौदाशे वर्षं जगलेले. त्यांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. पण मायना काय लिहायचा? वयानं बघावं तर ज्ञानेश्वर ‘चिरंजीव’. ज्ञानानं बघावं तर ‘तीर्थरूप’. काही ठरेना, म्हणून कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, एवढं जगून हा माणूस कोराच राहिला की! ज्ञानेश्वरांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं.

आम्हाला गोष्टीतला वाघ आणि चालवलेली भिंत आवडायची. (पेट्रोल नाही, इंजिन नाही, भिंत सुसाट!) दादांना मात्र कोरा कागद आवडायचा. ते गावच्या शाळेत मास्तर होते. म्हणायचे, “नाव चुकलं तर गुण कापतात. नाव लिहिलंच नाही तर पेपर तपासत नाहीत.”

मी मनात हिशेब मांडत होते. गप्प राहिलं तर पाच लाख. चुलत भावाची फी. पार्टीला कळणारही नाही, नवानवा शौक आहे. आणि खोटं तरी मी कुठं बोलणार होते? शेजारी उभं राहून दोन इंग्रजी शब्द. बस. पण रोज ऑफिसात मी काय करते? ‘चालतंय ना, मग जाऊ दे’ म्हणणाऱ्यांशी भांडते. आता घरचाच रिलीज होता.

रात्री जेवताना सांगून टाकलं. “काका, ती मॉरिस नाही. लँडमास्टर आहे. इथं बनलेली.”

काकांचा घास हातातच राहिला. “बिल्ला बैलाचा आहे ना? मग?”

“बिल्ला नंतर लावलाय.”

“कुणी सांगितलं तुला? दादांनी सांगितलं मॉरिस म्हणून. दादा खोटं बोलायचे का?”

यावर मी काय बोलणार? कुणीच बोललं नाही. तेवढ्यात आजी उठली, आतल्या खोलीत गेली आणि पत्र्याच्या ट्रंकेतून जुन्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. माझ्या पुढ्यात ठेवलं. “हे वाच. मला इंग्रजी येत नाही, पण काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे.”

काळी पडलेली, क्रोम उडालेली नावाची पट्टी. लँडमास्टर.

लँड गेली, मास्तर राहिले

मग आजीनं सांगितलं ते काकांनीही पहिल्यांदाच ऐकलं.

आमच्या पणजोबांनी नऊ एकर जमीन एका खासगी साखर कारखान्याला खंडानं दिली होती. या पट्ट्यात तसं पुष्कळांनी केलं. कालव्याचं पाणी, ऊस, खंडाचे पैसे, सगळं ठीक चाललं होतं. मग १९६१ चा जमीन धारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा आला. कारखान्यांकडची जास्तीची जमीन सरकारनं घेतली आणि १९६३ मध्ये त्यासाठी शेती महामंडळ काढलं. कारखान्याची म्हणून जी जमीन गेली, त्यात खंडानं दिलेली आमचीही गेली. अशा लोकांना आमच्याकडे ‘खंडकरी’ म्हणतात. त्यांचे मोर्चे, अर्ज, कोर्ट यात पिढ्या गेल्या. आमच्या घरी जमिनीचा तुकडा परत आला तो २०१३ मध्ये. दादा २००९ मध्येच गेले होते.

गाडी घेतली १९६६ मध्ये. कारखान्यातले एक अधिकारी गाव सोडून चालले होते आणि स्वस्तात देत होते. दादांना मशीनचं वेड. आजीच्या पाटल्या मोडल्या. “जमीन नाही, बैल नाही, निदान गाडी तरी दारात असू दे, म्हणाले. मी दिल्या काढून,” आजी म्हणाली.

आणि मग पारावर कुणीतरी ती पट्टी वाचली.

“लँड गेली, मास्तर राहिले!”

बस्स. तेच नाव पडलं. शाळेत पोरं, बाजारात माणसं, रेल्वेत सोबतचे मास्तर. ‘काय लँडमास्तर, कुठं निघालात?’ दादा हसून घ्यायचे. एका रात्री पान्हा घेऊन बाहेर गेले, पट्टी काढली आणि भोकं बुजवून टाकली. पुढे मुंबईला शिक्षकांच्या शिबिराला गेले, तिथं चोरबाजारात त्यांना हा बैल दिसला.

“मला म्हणाले, बघ, नाव मॉरिस, गाडी त्याच घराण्यातली, म्हणजे खोटंही नाही. आणि पोळ्याला पुजायला दारात एक बैल झाला.”

काका एकदम म्हणाले, “अगं हो! पोळ्याला बिल्ल्याला हळद-कुंकू लावायचे दादा. मला वाटायचं, सगळ्यांच्याच गाड्यांना लावतात.” आणि हसता हसता गप्प झाले.

मला आठवलं, डाव्या बाजूच्या पत्र्यावर रंगाखाली दोन बारीक फुगवटे हाताला लागले होते. मी ते गंज म्हणून सोडून दिले होते. घ्या! टेस्टर म्हणून माझं अप्रायजल इथंच संपलं.

साडेतीन लाख

रविवारी पार्टी आली. चाळिशीचे गृहस्थ, सभ्य, अगदी मन लावून बघणारे. काका माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. शेवटी काकांनीच तोंड उघडलं. “साहेब, माझ्याकडून एक चूक झाली. ही मॉरिस नाही. आमची पोर सांगते तुम्हाला काय आहे ते.”

मग मी त्यांना गाडीभोवती फिरवलं. आधी मागून, मग इंजिन, मग तोंड. बॉनेट दुसऱ्या गाडीचं आहे हेही सांगितलं. लपवून काय करता? पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, २०२१ पासून तसा नियम आहे. त्यात गाडी मूळ रूपात लागते. चुकीच्या नावानं कागद पुढे गेले असते तर ते उद्या त्यांच्याच अंगाशी आले असते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट वाटलेलं दिसत होतं. त्यांना विलायतेचीच हवी होती, त्यांचे वडील कधीकाळी तशी चालवायचे म्हणे. घराबाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलले. परत येऊन म्हणाले, “साडेतीन.”

दीड लाख गेले. काकांनी एकदा आजीकडे बघितलं आणि “चालेल” म्हणाले.

विक्रीचा कागद काकांनी स्वतःच्या हातानं लिहिला. घेणाऱ्याचं नाव, देणाऱ्याचं नाव, इंजिन नंबर. ‘वाहनाचे नाव व मॉडेल’ इथं पेन थांबलं. मला क्षणभर वाटलं, आता हेही चांगदेवांसारखं कोरंच सोडतात की काय! पण त्यांनी मान खाली घालून, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं: हिंदुस्तान लँडमास्टर. मग आतून स्क्रू ड्रायव्हर आणला, भोकांतला रंग खरवडला आणि पट्टी स्वतः परत बसवली. जरा तिरकी बसलीय. बैलाचा बिल्ला आजीनं ठेवून घेतला. गृहस्थांनी मागितलाही नाही.

चुलत भावाच्या फीचं जमलं. एक हप्ता गाडीतून, एक माझ्या बोनसमधून. माझी गोव्याची ट्रिप गेली. घरात लग्नकार्य असलं की काका चारचौघांत अजून सांगतात, “आमच्या या बाईसाहेबांनी दीड लाखाला बुडवलं बरं का!” तेव्हा आजी शांतपणे म्हणते, “पाटल्या माझ्या होत्या.” मग विषय बदलतो.

परवा पुन्हा फोन वाजला. शुक्रवार, पावणेसहा. मनात म्हटलं, आता काय विकायला काढलं?

“काय गं, राहात्याला पेट्रोल पंपावर उभा आहे. समोर एक पांढरी अ‍ॅम्बेसिडर लागलीय. मागून बघितली, शेपट्या आहेत. जाळी बारीक चौकटीची आहे. मार्क टू म्हणू का?”

“इंजिन बघितलं का?”

“नाही. ड्रायव्हर चहाला गेलाय. थांबतो.”